बिबड्यांची राखण

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून बिबड्या घातल्या. मिळून म्हणजे तिनं घातल्या आणि मी पाण्याचं भांडं धरून उभा राहिलो. ज्वारीचा आंबवलेला घाटा पहाटेच शिजला होता. घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, खाट, खाटेवर माझं जुनं धोतर ओलं करून पसरलेलं, आणि त्यावर सिंधू ओल्या हातानं पापडासारखी एकेक बिबडी थापत होती. "अहो, पाणी." मी भांडं पुढं करायचो. "अहो, तिकडं कुठं बघता? पाणी!" केळीच्या गाड्या भरण्यात माझा जन्म गेला, पण असं पाणक्या करून कुणी उभं केलं नव्हतं. बायकोनं केलं.

दिवसभर ती काठी घेऊन वाळवणापाशी बसली. संध्याकाळी खाली आली ती छातीला हात लावून. म्हणाली, "जीव कसातरी होतोय. चहा ठेवा जरा. आणि वर एकदा बघून या, कावळे बसले असतील." मी म्हटलं, "चहा देतो न् जातो." चहा घेऊन आलो तर... कप हातातच राहिला. शेजाऱ्यानं रिक्षा आणली, डॉक्टरनं मान हलवली. रात्रीच सगळं आटोपलं.

याला आता महिना होईल. लोक भेटायला येतात, म्हणतात, बाई फार सोशिक होती हो. नव्हती. सोशिक बिलकूल नव्हती. तिच्यासारखी भांडखोर बाई सगळ्या यावलात सापडायची नाही, आणि हे मी कौतुकानं लिहितो आहे. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही, पण तिच्याविषयी खोटं छापून आलेलं तिला चाललं नसतं.

तिचं माहेर भडगाव. घरात खाणारी तोंडं फार, म्हणून लहानपणी उन्हाळाभर ती गल्लीतल्या बायकांचं वाळवण राखायची. पापड, कुरडया, बिबड्या. मजुरी म्हणजे ओल्या घाट्याचा एक गोळा आणि मोडकी बिबडी. हे ती असं सांगायची की जशी काही कलेक्टर होती. "माझी नोकरी होती. काठी मिळायची, उंच जागा मिळायची, आणि कुणावरही ओरडायची मुभा!" एकदा भूक आवरेना. एखादी बिबडी उचलली तर जागा रिकामी दिसणार. म्हणून या बाईनं डोकं लढवलं. प्रत्येक बिबडीची कडा चौफेर दातांनी कुरतडली. बिबड्या गोलच्या गोल, फक्त लहान. मालकीण वर आली तर ही म्हणते, "काकू, ऊन फार लागनं, आकसन्यात."

काकू खाली वाकली, एक बिबडी उचलून उजेडात धरली. "ऊन लागनं का बिबडी आकसस, हाई माले माहीत शे. पन उनले दात कधी फुटनात व माय?"

इथं आम्ही सगळे हसायचो. पोरं, सुना, नातवंडं, दर उन्हाळ्यात. तीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. मग कुणी विचारलं, "काकूनं मारलं का?" की म्हणायची, "नाही. म्हणाली, सकाय भाकर खाईसन ये, मंग राखाले बस." एवढं बोलून उठायची आणि काहीतरी काम काढायची. ते वाक्य हसायचं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. घरी भाकर असती तर ती खाऊनच गेली असती ना.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. खाली वडीलधारे बोलत बसलेले, मला उकडायला लागलं म्हणून वारा खायला धाब्यावर चढलो. तिथं वाळवणापाशी एक पोरगी काठी घेऊन बसलेली. माझ्याकडं न बघताच ओरडली, "ओ भाऊ, सरका ना! सावली पडी राह्यनी!" मी वाळवणावरची सावली घेऊन सरकलो. थोड्या वेळानं तीच पोरगी पोह्यांचं ताट घेऊन समोर. मला बघितलं आणि ताट हलायला लागलं. लोकांना वाटलं लाजली. हसू दाबत होती ती. नवऱ्याला पहिली हाक भाऊ मारली म्हणून नणंदांनी जन्मभर छळलं, तर म्हणायची, "मग? लग्नाआधी बठ्ठे भाऊच, सगळेच्या सगळे."

तेव्हापासून मी सरकतोच आहे.

त्या शेवटच्या बिबड्यांचा डबा आता फळीवर आहे. यंदा आमच्याकडे तळण नाही. पोरी म्हणतात, पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी येऊ तेव्हा तळू. पण तो डबा भरला कसा, तेवढं सांगतो आणि थांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर बायकांनी भरलेलं. बोदवडहून माझी मोठी बहीण, अक्का, आलेली. मी भिंतीला टेकून बसलो होतो, तर वरून कावळ्यांचा आवाज आला. वाळवण रात्रभर उघड्यावरच होतं. मी उठलो.

"कुठं चालला?" अक्का म्हणाली.

"वर. बिबड्या आहेत."

"सुतकाच्या घरातलं वाळवण ठेवायचं नसतं. गुरांना टाकून दे."

"अक्का, बाई गेली. तिनं सांगितलेलं काम नाही गेलं."

"लोक काय म्हणतील? काल बायको जाळली न् आज बिबड्या राखतोय!"

"म्हणू दे."

वर गेलो. एका कडेच्या बिबड्या कावळ्यांनी विस्कटल्या होत्या, बाकीच्या शाबूत. काठी खाटेच्या पायाला टेकवलेली, जिथं तिनं ठेवली तिथंच. तिच्यासारखं "हाऽऽ" ओरडलो, तर कावळे हलेनात. मग काठी खाटेवर आपटली. कावळे शेजारच्या भिंतीवर जाऊन बसले. ती बसायची त्या पोत्यावर मी बसलो.

उन्हं चांगली वर आल्यावर अक्का जिना चढून आली. मला खाली न्यायलाच आली असणार. खाटेपाशी उभी राहिली, पदर डोळ्यांना लावला. मी बिबड्यांवर पडलेली तिची सावली बघितली.

मग म्हणालो, "अक्का, सरक ना. सावली पडी राह्यनी."

अक्का सरकली.