बोगद्यातली चुन्याची फुली

ठोके आजोबांना ऐकू येत नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक. हाक मारायची तर समोर उभं राहूनच मारावी लागते. पण एकतीस वर्षं या माणसाने रेल्वेच्या बोगद्यात जे काम केलं, ते ऐकण्याचंच होतं. लांब दांड्याची हातोडी घेऊन चालायचं आणि भिंतीला ठोका द्यायचा. दगड खणखणला तर पुढे. भद्द बोलला तर त्यावर चुन्याची फुली. मागून टोळी यायची आणि फुलीखालचा सुटलेला दगड पहारीने उतरवायची. गाड्यांच्या शिट्ट्यांनी कान नेले, नाव तेवढं मागे राहिलं.

पुढे गाडी दुसऱ्या मार्गाने गेली. रूळ उचलले, आणि गेल्या वर्षी त्याच बोगद्यातून लोकांना फिरायला वाट केली. खाली फरशी, वर दिवे, मधे मधे बाक. सून म्हणाली, चला मामंजी, तुमचा बोगदा बघून येऊ.

सून फरशीचं कौतुक करत चालली होती आणि सासरा काठीने भिंत ठोकत. लोक बघून हसत होते. निम्म्या वाटेवर एका बाकापाशी काठी थांबली. आजोबांनी हात उंच करून दगडावर तळवा टेकवला, पुन्हा ठोका दिला.

दुसऱ्या दिवशी ते चुना घेऊन गेले आणि फुली मारून आले. तिथल्या राखणदाराने ती धुऊन काढली. त्याचंही चुकलं नाही, भिंतीवरची प्रेमवीरांची नावं घासून बिचाऱ्याचे हात झिजले होते. आजोबांनी परत फुली मारली, त्याने परत धुतली. असं चार दिवस. पाचव्या दिवशी तो तोंडाला येईल ते बोलला, या वयात भिंती रंगवायला लाज कशी वाटत नाही म्हणाला. आजोबांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. त्यांनी फुली सावकाश पुरी केली.

मग बोगद्याच्या दारावर पाटी लागली, गुरुवारी शाळेची सहल येणार. दोनशे मुलं, आणि डबे खायला हेच बाक.

बुधवारी सकाळी आजोबा तो बाक ओढायला लागले. एकट्याने हलेना, तेव्हा सुनेने पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं. बाक वाटेत आडवा टाकून दोघं त्यावर बसली. राखणदाराने विनवलं, धमकावलं, शेवटी कचेरीत फोन केला.

तरुण इंजिनिअर आला. त्याने छोट्या हातोडीने दगड वाजवला. त्याला काहीच वेगळं वाटलं नाही. आजोबांसमोर येऊन स्वतःच्या कानाकडे बोट दाखवत तो ओरडला, "आजोबा, तुम्हाला ऐकू तरी येतं का?"

"नाही येत. म्हणून तर हात ठेवतो. तुम्हीही ठेवा."

त्याने आधी शेजारच्या दगडावर हात ठेवला. आजोबांनी काठी मारली, दगड गप्प. मग फुलीवर हात ठेवला. काठी बसली, आणि माशी बसल्यावर गाईची कातडी थरथरते तसा तो दगड तळव्याखाली थरथरला. इंजिनिअरने झटकन हात काढला आणि आधी सगळ्यांना मागे सरकवलं.

दुपारी माणसं पहारी घेऊन आली. दुसऱ्या झटक्यालाच दगड सुटला. खालची फरशी फुटली, धूळ दिव्यांपर्यंत चढली. मग राखणदाराने आजोबांसमोर येऊन हाताने विचारलं, आणखी कुठे?

"मला काय माहीत? पुढचा अर्धा बोगदा अजून बघितलाच नाही," आजोबा म्हणाले. "चल, चुना घे."

सहल आठवडाभर पुढे गेली. तोवर आजोबा रोज थोडं थोडं ठोकत दुसऱ्या तोंडाला पोचले. अकरा फुल्या झाल्या. नऊ दगड उतरवले. दोन फुल्या मात्र दुसऱ्यांदा हात लावून त्यांनी स्वतःच पुसल्या.