हजार किलोमीटरचं ऑइल

मी आयुष्यात खोटं फार कमी बोललो, पण जे बोललो ते बहुतेक वडिलांशीच. त्यातलं हे एक पन्नाशी ओलांडल्यावरचं. म्हणून ते जास्त टोचतं.

नांदेडला नवी गाडी घेतली तेव्हा आबा अहमदपूरहून मुद्दाम आले होते. बसच्या डेपोत मेकॅनिक म्हणूनच त्यांनी सगळी नोकरी केलेली. शोरूममधल्या माणसाने चाकांखाली ठेवायला चार लिंबं आणली, तर आबा म्हणाले, "सरबत करा त्याचं. लई ऊन हाय." आमच्या घरात देव-देवस्की आजोबांच्या वेळेपासूनच बंद. पुराव्याशिवाय आबा काही मानत नाहीत. मानतात ती एकच गोष्ट. निघताना बॉनेटवर हात ठेवून ती त्यांनी सांगितली, "हजार किलोमीटरला पहिलं ऑइल काढायचं म्हंजे काढायचं."

हजाराला मी गाडी सर्व्हिसिंगला नेली. तिथला माणूस म्हणाला, "सर, आता फक्त तपासणी. ऑइल दहा हजारला किंवा एक वर्षाने, जे आधी होईल ते." गाडीसोबत आलेल्या पुस्तकातही तेच होतं. मी गाडी घेऊन परत आलो.

संध्याकाळी आबांचा फोन. "काढलं का ऑइल?"

खरं सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण त्यानंतर अर्धा तास वाद झाला असता, असं मला वाटलं. मी म्हणालो, "हाव, काढलं."

"जुनं आणलंस ना? रविवारी येताना घेऊन ये. गेटला लावायचंय."

हे मी विसरलोच होतो. लहानपणापासून आमच्या घरी काढलेलं ऑइल कधी फेकलं गेलं नाही. गेटला गंज चढू नये म्हणून, चौकटीला वाळवी लागू नये म्हणून ते कुंच्याने फासलं जायचं.

रविवारी बायकोसह निघालो. लोह्याच्या पुढे ट्रॅक्टरचं एक गॅरेज दिसलं. गाडी थांबवली आणि तिथून डबाभर काळं ऑइल मागून घेतलं. बायको डब्याकडे बघत म्हणाली, "अहो, खोटं सांडू नये म्हणून झाकण घट्ट लावा."

घरी पोचलो. चहाच्या आधीच आबांनी डबा उघडला. पांढऱ्या रुमालावर थेंब टाकला, बोटांत चोळला, वास घेतला.

"तुझी गाडी पेट्रोलची ना रे?"

"हो."

"मग हिनं डिझेल कधी पिलं?"

बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. मी अंगणात उभा होतो, आठवीत नापास झाल्यावर उभा होतो तसा. सगळं सांगून टाकलं. ट्रॅक्टरचं गॅरेजसुद्धा.

आबांनी गाडीतलं पुस्तक मागितलं. चष्मा लावून सर्व्हिसिंगचा तक्ता बोट फिरवत वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला.

"बरोबर हाय हे," ते म्हणाले. "आमच्या टायमाला नव्या इंजिनातून लोखंडाचा चुरा निघायचा, म्हणून हजाराला काढायचो. आता काम बारीक झालं असंल. मला हे पुस्तक का न्हाई दाखवलंस?"

"तुम्ही ऐकणार नाही असं वाटलं."

"लिंबाचं न्हाई ऐकलं मी. कागदाचं कधी न्हाई ऐकलं, सांग."

मला एकही प्रसंग आठवला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कुंचा घेतला आणि ट्रॅक्टरचं ऑइल गेटला लावायला बसले. "वाया कशाला घालवायचं," म्हणाले. मी शेजारी बसून खालचा भाग रंगवला. शर्टाची बाही गेली ती गेलीच.

तेव्हापासून फोनवर ते विचारायचे, "किती झाले?" मी उत्तर देण्याआधी चपला घालून खाली जायचो, गाडीतला आकडा बघायचो आणि मगच सांगायचो. बायको म्हणायची, "कोर्टात साक्ष द्यायला निघालेत."

वर्ष भरलं तेव्हा गाडी जेमतेम साडेसहा हजार चालली होती. मी आबांना फोन केला. "दहा हजार झाले नाहीत, पण वर्ष झालंय."

"पुस्तक काय म्हणतं?"

"जे आधी होईल ते."

"मग काढ. अन्..."

"डबा आणतो."

या वेळी ऑइल काढताना मी गाडीशेजारीच उभा राहिलो आणि डबा स्वतः भरून घेतला. अहमदपूरला आबांनी तो घेतला, झाकण उघडलं. मला वाटलं, सरळ कुंचा मागतील. त्यांनी खिशातून रुमाल काढला. थेंब टाकला, चोळला, नाकाशी नेला. बराच वेळ तिथंच धरला. मी बाजूला उभा होतो.

"पेट्रोलचंच हाय," ते म्हणाले, आणि कुंचा माझ्या हातात दिला.