कच्च्या लाल रंगाचं सूत

त्या तेरा मैलांच्या शर्यतीत फसवणूक झाली. फसवणारा मी आणि फसला तो नरसय्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. उलटंच सांगत आलो, आणि इतक्या वेळा सांगितलं की मधली काही वर्षं मला स्वतःलाच ते खरं वाटायचं.

तुम्ही मला ओळखत असाल तर माझा स्वभाव ठाऊक असेल. चादरींचं दुकान आहे माझं, पण मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून कुठं गेलो तर समोरच्याला घाम फोडतो. कापड बोटभर कमी भरलं तरी मी दुकानाच्या मधोमध उभा राहतो आणि सांगतो, मालकाला बोलवा. गुमास्त्याशी मी बोलत नाही. ज्यानं मापात मारलं त्यानं पुढं यावं आणि माझ्या तोंडावर सांगावं. लोक याला माझा कडकपणा म्हणतात. मला ते आवडतं — का नाही आवडणार?

पण मी भलतीकडेच चाललोय. शर्यतीचं सांगायचंय.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी मोहोळकडून सोलापुरात आलेला, गिरणीत बदली कामगार. बदली म्हणजे पहाटे गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत घेतात, नाहीतर भोंगा वाजून गेला की परत फिरायचं. नरसय्याही बदलीच. त्याच्या घरी तेलुगू बोलायचे, बाप हातमागावर, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. त्याचं माझं जमलं ते गेटवरच. काम मिळालं नाही की तो म्हणायचा, चल, पळू. रिकाम्या पोटी कसलं पळायचं? पण तो पळायचा, म्हणून मीही पळायला लागलो. श्वास कसा घ्यायचा, उतारावर पाय कसे सैल सोडायचे, दगड दिसला की डोळे त्याच्या पुढं कसे टाकायचे — सगळं त्यानं शिकवलं. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर नंतर मी ते गाळेन.

आमच्या भागातलं एक मंडळ दरसाल ही शर्यत घ्यायचं. रस्त्यावरची नाही, माळावरची. मैदानातून निघायचं, चाळी मागं टाकून बैलगाडीच्या वाटेनं नाल्यात उतरायचं, चढून माळावर, माळाच्या टोकाला एक कडुलिंबाचं झाड. तिथून वळून तलावाच्या बांधावरून परत. निम्मे लोक अनवाणी. माझ्याकडे कॅनव्हासचे बूट होते, डाव्याचा तळ सुटलेला. तोंडात लिंबाची फोड धरायची, ती चोथा होईपर्यंत चोखायची. पहिले चार मैल माणूस शहाणा असतो. त्यानंतर बरगडीत कळ येते आणि तो स्वतःशीच सौदा करायला लागतो — त्या बाभळीपर्यंत पळ, मग चाल. बाभूळ येते, आणि तो पुढची बाभूळ शोधतो.

त्या कडुलिंबापर्यंत खरंच गेलात हे कशावरून? तर लिंबाखाली एक म्हातारा विणकर बसायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. येईल त्याच्या डाव्या मनगटाला तो रंगीत सूत बांधायचा, चाचपून, मागावरचा तुटलेला धागा जोडावा तसा. सुताचा रंग दरवर्षी वेगळा आणि शर्यतीच्या दिवसापर्यंत गुप्त. कागद नाही, यादी नाही. मनगटाला सूत असलं की माणूस जाऊन आला. विणकरांच्या वस्तीत सुतावर कोण अविश्वास दाखवणार?

आदल्या वर्षी नरसय्या तापानं पडून होता, आणि मी पहिला आलो होतो. खराखुरा. तेव्हा मंडळाचे मास्तर — शाळेत कवायत शिकवायचे ते — म्हणाले की बक्षीस भागातल्या पोराला असतं, तू बाहेरचा. ढाल दुसऱ्याला दिली आणि माझ्या खांद्यावर एक टॉवेल टाकला. टॉवेल! सोलापुरात! तो राग अजून माझ्यात आहे, लिहितानाही हात गरम झालाय. तो राग खोटा नाही. पण त्या रागाचं मी पुढं काय केलं, तेच तर सांगायचंय.

त्या वर्षी बक्षीस ढालीपुरतं नव्हतं. गिरणीच्या एका साहेबाला पळणाऱ्यांचा संघ उभा करायचा होता. जो पहिला येईल त्याला कायम करतो, असं त्यानं मंडळाला कबूल केलं होतं. कायम. गेटवर उभं राहणं संपलं. मास्तरांनी या खेपेला स्वतःहून सांगितलं, आतला-बाहेरचा बघणार नाही. म्हणजे मी किंवा नरसय्या. तिसरा कुणी आमच्या जवळपासही नव्हता. आणि खरं बोलायचं तर — मीही त्याच्या जवळपास नव्हतो. रोज सोबत पळायचो ना, मला माहीत होतं. तो माझ्यासाठी हळू पळायचा.

मी नाल्यात पोचलो तेव्हा त्याची पाठ समोरच्या चढावर दिसत होती. मग तीही दिसेनाशी झाली. मागं वळून बघितलं, कुणी नाही. नाल्यातून डावीकडे तरवडाच्या झुडपांतून एक पायवाट सरळ तलावाच्या बांधावर निघते. माळ, लिंब, म्हातारा, सगळं टाळून. मी त्या वाटेनं गेलो.

त्या घटकेला मोह झाला, असं म्हणता आलं असतं. माणूस दमलेला असतो, डोकं जाग्यावर नसतं. पण मग माझ्या चड्डीच्या खिशात सूत कसं होतं? तीन दिवस आधीपासून होतं. रंगखात्यात बदलीवर असताना मंडळाचा माणूस लाल सुताची लड घेऊन जाताना मी बघितला होता. बैलाच्या शिंगाला बांधायला पाहिजे म्हणून रंगाऱ्याकडून त्यातलाच एक तुकडा मी मागून घेतला. तेव्हा आमच्याकडे बैल नव्हता.

तरवडात बसून मी ते मनगटाला गुंडाळलं. एका हातानं गाठ बसेना, म्हणून एक टोक दातात धरलं आणि ओढलं. मग बराच वेळ तिथंच बसलो. एवढ्यात पोचलो तर संशय येईल म्हणून. सगळे धापा टाकत पळत होते आणि मी झुडपात बसून अंदाज बांधत होतो, किती लवकर म्हणजे फार लवकर. उठलो, बांधावरून जीव तोडून पळालो, दम खरा दिसावा म्हणून. मैदानात पहिला शिरलो. लोकांनी उचललं.

नरसय्या आला तेव्हा मी जमिनीवर बसून पाणी पीत होतो. तो गुडघ्यांवर हात टेकून माझ्यासमोर वाकला. त्याच्या पुढं लिंबाखाली कुणी पोचलं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. माझ्या मनगटाकडे बघितलं, मग तोंडाकडे. रंग कच्चा होता. माझे ओठ, पुढचे दात, सगळं लाल झालेलं. पळणारा माणूस काही पान खाऊन पळत नाही.

तो हळूच म्हणाला, "तोंड पूस आदी."

एवढंच. मी आदल्या वर्षीच्या टॉवेलनं तोंड पुसलं. हो, तोच टॉवेल होता गळ्यात.

मास्तरांना काहीतरी खटकलं असावं. त्यांनी नरसय्याला विचारलं, का रे, हा तुझ्या पुढं कधी गेला? नरसय्यानं माझ्याकडे पाहिलं. "त्यालाच इचारा की, मास्तर," म्हणाला.

त्यानं मला दोनदा वाट करून दिली होती. मी तेव्हा काय केलं?

मी भडकलो. भडकणं मला जमतं. "मोहोळचा हाय म्हणून इचारताय व्हय? गेल्या साली टॉवेल देऊन घालवलं, औंदा चोर ठरवताय?" मास्तरांची मान खाली गेली, कारण गेल्या सालचं खरं होतं. तिथंच थांबलो असतो तर फक्त चोर ठरलो असतो. पण नरसय्या अजून माझ्याकडे बघत होता. म्हणून मी आणखी मोठ्यानं म्हणालो, "आन ह्याला काय इचारता? ह्यो माळावर झाडाआड बसला हुता पोट धरून. तवा गेलो मी फुडं."

मैदान हसलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मास्तरही हसले, सुटल्यासारखे. नरसय्यानं माझ्यावरची नजर काढून घेतली. काय बोलणार? ‘मी बसलो नव्हतो’ असं कुणी ओरडून सांगतं का? सांगितलं तरी लोक आणखीच हसतात.

म्हाताऱ्याला नंतर कुणीतरी विचारलं, पहिला कोण आला होता. तो म्हणाला, मला काय तोंडं दिसतात? मी हातं बांधतो.

मी कायम झालो. गेटवर आमची वाट वेगळी झाली. मी आत जायचो, तो बाहेर उभा असायचा. आणि रोज कुणीतरी त्याला म्हणायचं, "काय नरसय्या, झाड सापडलं का?" पोरं म्हणायची, खात्याचा मुकादम, जॉबर, तोही म्हणायचा. एकदा मीही हसलो. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला — शर्यत नाही, सूत नाही. हे. तो दोन हात अंतरावर उभा होता आणि मी त्यांच्यात उभा राहून हसलो. त्यानंतर तो पळताना कुणाला दिसला नाही. वर्षाच्या आत तो भिवंडीला गेला, मागांवर. घरचे नंतर गेले.

मी चार वर्षांनी गिरणी सोडली, साठवलेल्यातून दुकान घातलं. लोकांना सांगतो, पळून कायम झालो आणि तिथून इथवर आलो.

बऱ्याच वर्षांनी तो इथंच, सात रस्ता चौकात भेटला, कुणाच्या तरी लग्नाला आलेला. केस पांढरे. मला वाटलं, आता बोलेल. मी तयारच होतो, भांडायला. त्यानं विचारलं, "पळतोस का रं अजून?" मी म्हणालो, न्हाय, गुडघा गेला. माझे गुडघे ठणठणीत होते, आजही आहेत. मी त्या दिवसानंतर एक मैलही पळालेलो नाही. तो हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. शिवी तरी द्यायची!

परवा मंडळाची नवी माणसं आली होती. येत्या रविवारी शर्यत पुन्हा सुरू करतायत, माळ जेवढा उरलाय तेवढ्यावर. मनगटाला सूत बांधायची जुनी पद्धतही ठेवणार म्हणाले, आणि बक्षीस द्यायला मी. जुना विजेता म्हणून. मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून दुकानात बसवत नाही. उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो, घडी केलेल्या चादरी परत घडी करतो.

मास्तर गेले. म्हातारा कधीच गेला. नरसय्याही गेल्या पावसाळ्यात भिवंडीतच वारल्याचं कळलं. त्याला मापात मारलं, तेही भर मैदानात, हसं करून, आणि आजवर कुणी त्याचा जाब दिलेला नाही. मंडळाच्या माणसांनो, रविवारी हार आणाल तेव्हा हा कागद आधी वाचा, मैदानात, मोठ्यानं. मग गुमास्त्याशी बोलू नका. मालकाला बोलवा.