ओवाळणीत मागितलेली नोकरी

ओवाळायला आम्ही बायका आणि नोकरीचं विचारलं की "बघू, सांगू", हे किती दिवस चालायचं दत्ताभाऊ? तुम्ही गावाच्या या ग्रुपवर आहात, म्हणून सगळ्यांसमोर विचारते.

आज हायवेवरच्या गाड्यांचे बंपर बनवणाऱ्या कंपनीत नव्या शेडचं उद्घाटन झालं. परदेशातले मोठे साहेब येणार म्हणून कंपनीला गावातली माणसं पुरवणाऱ्या दत्ताभाऊंनी आम्हा बायकांना ताटं घेऊन बोलावलं. भूमिपूजनालाही आम्हीच होतो. तेव्हा दत्ताभाऊच म्हणाले होते, "काकू, शेड उभी राहू द्या, तुमच्या सुनेचं काम पक्कं." माझी सून ज्योती आयटीआय झालेली आहे. भरती होऊन गेली, तिला कुणी बोलावलं नाही. आज ती गेटबाहेर उभी होती.

मी साहेबाला ओवाळलं आणि ताट धरून तिथंच थांबले. ऑफिसातली मुलगी हळूच म्हणाली, "काकू, झालं, सरका आता."

"ओवाळणी राहिली," मी म्हटलं.

तिनं ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं हसून ताटात नोट टाकली.

मी म्हटलं, "नोट नको म्हणावं. गेटवर माझी सून उभी आहे, तिला कामावर घ्या."

मुलीनं ते सांगितलंच नाही. साहेब हात जोडून पुढं गेले. दत्ताभाऊ फोनवर बोलत राहिले.

नोट ताटात तशीच आहे. दत्ताभाऊ, शनिवार संध्याकाळपर्यंत ज्योतीचं हो की नाही ते इथंच लिहा. नाही असेल तर ती दुसरीकडं अर्ज करील. आणि पुढच्या वेळी साहेबाला तुम्हीच ओवाळा.