आखाजीला घराबाहेर

खानदेशी माणूस आखाजीला घराबाहेर राहत नाही. मी आणि माझा शेतकरी मित्र मात्र त्या दिवशी सिंगापुरात होतो, आणि चूक सर्वस्वी आमचीच होती. मित्राच्या पुण्यातल्या मुलाने सहलीची तारीख विचारली, तेव्हा आम्ही मिरचीचं काम उरकतंय का ते बघितलं, लग्नाच्या तिथी बघितल्या, आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयाच, साफ विसरलो. विमानात बसल्यावर मित्राला आठवण झाली.

"तू मास्तर ना रे? तुले कॅलेंडर बी वाचता येस नही?"

जणू त्याच्या घरी कॅलेंडर नव्हतंच! पण मी ऐकून घेतलं, कारण त्याच्या घरची आखाजी मला ठाऊक होती.

आमच्याकडे त्या दिवशी पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, वर आंबा आणि सांजोऱ्या ठेवतात. मग घरातला कर्ता पुरुष एकेका पितराचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढतो. मित्राच्या घरी ही बोटं त्याच्या वडिलांपाशी येऊन थांबतात. त्याचा धाकटा भाऊ सैन्यात होता. सीमेवरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि तो सापडलाच नाही. साहेब लोक घरी येऊन सांगून गेले. माय म्हणाली, "मढं दखाडा, मंग मानसू." तेव्हापासून दर आखाजीला ती उंबरठ्यापाशी उभी राहते, थोरल्याच्या तोंडून धाकट्याचं नाव निघू नये म्हणून. मित्र एकदा शेताच्या बांधावर मला म्हणाला होता, "बरफमा गया, पन मन्हा भाऊले आखाजीनं पानी भेटनं नही."

त्या सकाळी सहलीतली बाकीची मंडळी खरेदीला गेली. मी इतिहासाचा मास्तर, दुसरं महायुद्ध मी जन्मभर दोन पानांत शिकवलं, म्हणून मला शहराच्या उत्तरेकडची युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी बघायचीच होती. मित्र कुरकुरत आला. टॅक्सीतून उतरलो आणि त्याची कुरकुर थांबली.

हिरव्यागार उतारावर पांढरे दगड, ओळीने, वरपर्यंत. मिरचीच्या रोपांची लागण करताना आम्ही दोरी लावतो, तशा सरळ ओळी. इतकं गवत, आणि एक काडी वाकडी नाही. टेकडीच्या माथ्यावर उंच, जाड भिंती होत्या आणि त्यांवर खालपासून वरपर्यंत नावं कोरलेली. वाचून वाचून माझी मान दुखली, नावं संपेनात. त्यात आपल्याकडची नावंही होती, इंग्रजी अक्षरांत. ज्यांचा देह सापडला नाही, ज्यांना थडगंच नाही, त्यांच्यासाठी या भिंती आहेत, असं फलकावर लिहिलं होतं. मी ते मित्राला वाचून दाखवलं. आयुष्यभर मी मुलांना 'असंख्य सैनिक मारले गेले' एवढंच सांगत आलो, आणि इथे कुणीतरी बसून त्यांतल्या एकेकाचं नाव दगडात कोरलं होतं. मित्राने टोपी काढली. फिरायला आलेला माणूस असा उभा राहत नाही.

तेवढ्यात मित्राच्या घरून व्हिडिओ कॉल आला. आमच्या डोक्यावर ऊन आलं होतं, तिकडे अजून सकाळच होती. वहिनींनी घागर मांडली होती. तो इथून नावं घेणार आणि त्या तिथे बोटं ओढणार, असं ठरलं होतं. पणजोबा झाले, आजोबा झाले, वडील झाले. माय नेहमीसारखी उंबरठ्यापाशी उभी होती. मित्र तिथेच थांबला.

"तुन्हा मांगे भीतवर हाई काय लिखेल शे?" मायने विचारलं.

तो टाळू शकला असता. मी डोळ्यांनी नको म्हणून खुणावलंही. पण त्याने फोन भिंतीकडे वळवला. "नावं शेतस, माय. ज्यास्नं मढं सापडनं नही, त्यास्ना."

"इतलास्नं?"

"हाऊ."

त्याने फोन हळूहळू फिरवला, एक भिंत, दुसरी, तिसरी. माय बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या समदास्ले माय व्हती ना?"

"व्हती ना, माय."

मग पडद्यावर माय उंबरठ्याशी खाली बसताना दिसली. वहिनींच्या हातातली कुंकवाची वाटी तिने स्वतःकडे ओढली, बोट बुडवलं, आणि धाकट्याचं घरातलं लाडाचं नाव घेतलं. उंबरठ्यावर बोट सरळ ओढलं.

मग तिने तोंड वर केलं आणि थेट त्याच्याकडे बघितलं.

"लवकर घर ये, पोऱ्या," ती म्हणाली. "आते मले तू एकलाच शे."