पडद्यामागचे पाय

बाईनं कोणत्या वयापर्यंत आणि किती वजनापर्यंत नाचावं, हे ठरवायचा हक्क तिकिटासोबत फुकट मिळतो असं आमच्या कोल्हापुरात पुष्कळ पुरुषांना वाटतं. मला त्याची तेव्हाही चीड होती, आताही आहे. आणीबाणी नुकतीच उठली होती. तोंड उघडायला मिळतंय या जोमात आम्ही कॉलेजातली मुलंमुली दर पंधरवड्याला एक पत्रक काढायचो. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायचं आणि त्याच शाईच्या बोटांनी भजी खायची. तमाशातल्या बायकांना रेशनकार्ड मिळालंच पाहिजे, असं एक पत्रक काढलं आणि ते द्यायला मी शनिवारी दुपारी एका थिएटरात शिरले. घरी कळलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं. पण घरी विचारून कुठं लढा उभा राहतो?

थिएटर म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. बाजाराला आलेली कोडोलीची, बिद्रीकडची माणसं गावची एस.टी. धरायच्या आधी तिथं दुपारचा खेळ बघून जात. मी लवकर गेले होते. बाकं रिकामी होती. पत्रा तापून मधूनच कडकन वाजायचा. समोर रंगमंचावर एक काटकुळी पोरगी सराव करत होती, असेल अठरा-एकोणीसची. ढोलकी नाही, पेटी नाही, नुसते पायातले चाळ. त्या घुंगरांचा एकेक ठोका असा सुटा सुटा कानावर येत होता की मी पत्रकं काखेत धरून उभीच राहिले.

मग ती पोरगी थांबली. पदर खोचायला वाकली. पाय जागच्या जागी होते.

चाळ वाजतच राहिले.

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. पोरीनं मान वर केली, मला बघितलं आणि मध्ये काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पाय टाकायला लागली. मी तशी भुताखेतांना भिणारी नाही. तडक पुढं जाऊन तिच्या पायाशी वाकले. घुंगरं होती, पण वाजत एकही नव्हतं. प्रत्येकात कापूस ठासलेला होता.

"कोण हाय गं?" पडद्यामागून आवाज आला.

"पत्रकवाली ताई हाय कोणतरी, अक्का."

"मग आत घे की. पावण्याला तिथंच उभं करतीस व्हय?"

काळ्या पडद्याच्या मागं हातभर जागा होती. तिथं लाकडी फळीवर एक पंचेचाळिशीची बाई उभी होती. अंगानं भरलेली, पोट सुटलेलं, गळा घामानं थबथबलेला. तिच्या पायात खरे चाळ होते. ही अक्का. तमाशाच्या बारीत, म्हणजे गाण्या-नाचण्याच्या ताफ्यात, मागून गाणारी बाई असतेच. पुढची नाचते, मागची आवाज देते, त्यात लबाडी कुणी मानत नाही. पण मागून पाय देणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

कारण सरळ होतं. अक्का वीस वर्षं पुढं नाचली. मग अंग सुटलं आणि लोकांची तोंडंही सुटली. पुढच्या बाकावर एक गुऱ्हाळवाला बसायचा. तो म्हणे ओरडला, "आधी पोट येतंय, मागनं बाई येतीया! पोटालाबी चाळ बांध की!" थिएटर हसून लोळलं. वर्तमानपत्रात लिहिणारा एक जाणकार होता. त्यानंही अक्काचे पाय जड झाल्याचं छापलं आणि तिनं आता सन्मानानं घरी बसावं असा सल्ला दिला. घर कुठलं, ते नाही छापलं. दोन वर्षांपूर्वी बारीच्या मालकिणीनं अक्काला मागं नेलं आणि पोरीला पुढं आणलं. पण पोरीचे पाय कच्चे. तेव्हा मालकिणीनं दोन बायकांची मिळून एक केली. अंग हिचं, पाय तिचे.

आणि तोच जाणकार आता लिहीत होता की या नव्या पोरीच्या पायांत पारा आहे. तेच पाय! दिसले तेव्हा जड, झाकले तेव्हा पारा. मी तिथंच भडकले.

"अक्का, मी हे छापणार. गावभर वाटणार."

"छाप की. मग हिला कोण ठेवंल? आन् मला?"

"पण हा अन्याय आहे."

"व्हय की. पर मला भाकरी घालतोय तुजा अन्याय." मग पडद्याला हात लावून म्हणाली, "आन् खरं सांगू का पोरी? त्या हसण्याला मी भिती. मार खाल्लाय, उपास काढल्यात. पर त्ये हसणं पुन्हा सोसायची न्हाय."

मी स्वतः अंगानं दणकट आहे. कॉलेजच्या जिन्यात मला काय काय ऐकवायचे ते मला माहीत होतं.  म्हणून अक्कावर पत्रक लिहिलं, तरी ते वाटलं नाही.

त्यानंतर मी बहुतेक शनिवारी जायची आणि पडद्याच्या कडेला उभी राहून दोघींना एकदम बघायची. पुढं उजेडात एक सडपातळ अंग, मागं अंधारात एक जाड. पोरगी मागं वळून बघत नसे, अक्काला पुढचं दिसत नसे. तरी अक्कानं मान डावीकडं टाकली की पोरीची मान डावीकडं जायची. सुरुवातीला मला त्याचं कौतुक वाटलं. मग लक्षात आलं की अक्का खोकली तर पोरगीही खोकते.

पुढं पुढं पोरगी डावा गुडघा धरून बसायला लागली. उठताना जमिनीला हात टेकायची आणि "आई गं" म्हणायची, अगदी अक्काच्या सुरात. आवाज बसला. एका दुपारी आम्ही बाहेर कट्ट्यावर चहा पीत होतो. मी म्हटलं, "दवाखान्यात जा की गं. या वयात गुडघे?"

"गुडघ्याचं काय न्हाय ताई. करंगळी दुखती."

"ठेच लागली?"

"न्हाय. अक्काची मोडल्याली हाय, ल्हानपनापास्नं." तिनं पाय पुढं केला. करंगळी सरळ होती, कोवळी. "मोडली तिची. दुखती माजी."

मला हसावंसं वाटलं, पण तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"आन् दुसरं सांगू? आदी मी थांबली तरी चाळ वाजायचं. तुमी बघितलं न्हवं त्या दिशी? आता मी थांबाय बघती, तर पायच थांबत न्हाईत. मागं अक्का थांबली की मगच थांबत्यात."

"मालकिणीला सांगितलंस?"

"ती म्हनली, लई चांगलं झालं. आता चूक व्हायची न्हाय."

हे मी अक्काला सांगितलं. ती फळीवर बसून स्वतःची करंगळी दाबत राहिली, आणि पडद्यापलीकडं पोरगी कळवळली.

पुढच्या शनिवारी गर्दी दांडगी होती. पोरगी नाचत होती, पण कंबर वाकलेली, गाल बसलेले. गुऱ्हाळवाला बाकावर उभा राहिला.

"आरं, ही तर म्हातारी व्हाय लागली की! त्या आदीच्या म्हशीचं भूत शिरलंय हिच्यात!"

थिएटर हसलं. मी अक्काच्या शेजारी होते. तिचा एक ठोका चुकला, वीस वर्षांत चुकला नसेल असा, आणि त्याच क्षणी पुढं पोरगी दाणकन पडली. लोक आणखी हसले. पोरगी उठली आणि पुन्हा नाचायला लागली. तिचे डोळे आमच्याकडं, पडद्याकडं होते. तिला थांबायचं होतं. पाय थांबत नव्हते, कारण अक्का थांबली नव्हती.

"थांब की अक्का," मी म्हटलं.

"थांबली तर तमाशा बंद. मालकीन हिला हाकलंल, दुसरी पोरगी आनंल, आन् तिचंबी असंच." अक्काच्या हनुवटीवरून घाम गळत होता. "बाहीर जाती मी."

मालकीण विंगेतून धावत आली. "फुडं गेलीस तर आजपास्नं तुजी माजी चूल येगळी! लोक काय म्हनत्याल?"

"म्हनू देत."

गाणं चालू असतानाच, पाय न थांबवता अक्कानं पडदा बाजूला केला आणि उजेडात गेली. पोरीचा दंड धरून तिला पेटीवाल्याजवळ बसवलं. बसल्यावरसुद्धा पोरीचे पाय चटईवर वळवळत होते, पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखे. मला ते बघवेना, पण मी बघत राहिले. अक्का नाचतच होती, तरी हळूहळू ते निवले.

इकडं शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. "आली आली, म्हैस आली!" कुणी बाकं वाजवली. गुऱ्हाळवाला दोन्ही हातांनी पोटाचा आकार दाखवत होता.

"ए बाई, ह्ये वय हाय का तुजं? बस जा की आत!"

अक्का त्याच्यासमोर येऊन नाचली. श्वास फुलला होता, तरी शब्द लख्ख आले.

"पावणं, दोन वरीस ह्याच पायाला टाळ्या देताय. आता वर बाई दिसली म्हनून वंगाळ झालं व्हय?"

काहींना कळलं, काहींना नाही. निम्मं थिएटर शिव्या घालत उठून गेलं. गुऱ्हाळवाला तोंड उघडं ठेवून तिच्या पायांकडं बघत बसला. टाळी मात्र त्यानं दिली नाही, आणि तो सुधारला असं सांगून मला त्याचं सोनं करायचं नाही. मालकिणीनं शब्द खरा केला. त्याच संध्याकाळी दोघींच्या ट्रंका बाहेर आल्या. दुसऱ्या एका बारीत जागा मिळेपर्यंत बरेच दिवस हालात गेले. पोरगी तिथं स्वतःच्या कच्च्या पायांनी नाचायला लागली. चुकायची, आणि कुणाच्या आधाराशिवाय उठायची.

पण त्या दुपारी, खेळ संपल्यावर, मी अक्काला पाणी दिलं. ती रंगमंचाच्या कडेला, उजेडातच बसली होती. आत जायला तयार नव्हती.

"लई हसली न्हवं गं मानसं?"

"लई."

"तोंडावर हसली. बरं झालं." तिनं मान वळवून एकदा काळ्या पडद्याकडं बघितलं. "आत बसल्यावर कोन हसत नसलं तरीबी ऐकू यायचं."