उस्तादांचं ‘बराबर’

किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. ट्रंकेच्या तळाशी जुन्या काचा साचतात तसे. फेकवत नाहीत आणि उजेडात धरून बघायचा धीरही होत नाही. मी तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, शनिवारी पोरांच्या हातात कॅमेराही दिला. वर्ग कंटाळला की हिंगोलीच्या मुनीर उस्तादांचे किस्से काढायचो. पोरं पोट धरधरून हसायची. शेवटचा एक किस्सा मात्र वर्गात कधी सांगितला नाही. आज सांगतो, पण त्याचा नंबर आल्यावर!

जर्मनीच्या लढाईचे दिवस होते, राज्य निजामाचं. माझे वडील कचेरीत कारकून. मी शाळेत गटांगळ्या खाऊन उस्तादांच्या फोटो स्टुडिओत चित्रं आणि फोटो शिकायला बसलो होतो. शागीर्द दोनच. एक मी, वामन. दुसरा साखरा गावचा गंगाराम, शेतकऱ्याचा पोरगा. माझ्याकडे कॉम्पोझिशनवरचं इंग्रजी पुस्तक होतं, वर कव्हर घातलेलं. गंगारामला स्वतःचं नाव लिहिता यायचं, तेही घाई नसली तर.

उस्तादांना एखादा फोटो आवडला की ते एकच शब्द बोलायचे, ‘बराबर’. नाही आवडला तर ‘ठीक है’. दोन वर्षांत मला पोतंभर ‘ठीक है’ मिळालं. ‘बराबर’ सगळं गंगारामला! घरी आमचे वडील आम्हा दोघांकडे बघून म्हणायचे, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." गुण लागला असता तर मी एवढा जळलो असतो का?

*

फोटो घ्यायच्या काचेच्या प्लेटा तेव्हा लढाईमुळे मोजक्याच मिळायच्या. म्हणून उस्तादांनी आम्हाला एकेक पुठ्ठा दिला, मधोमध चौकोनी भोक पाडलेला. रोज त्यातून बघायचं, रोज एक चौकट पक्की करायची आणि संध्याकाळी येऊन तोंडी सांगायची. हाच आमचा रोजचा फोटो! उस्ताद हुक्का ओढत डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "बाहेर क्या छोडा?"

पहिल्या दिवशी मी सांगितलं, "डावीकडे देऊळ, उजवीकडे वड, मध्ये तळं, तळ्यात देवळाचं प्रतिबिंब, वर बगळ्यांची रांग."

"बाहेर क्या छोडा?"

"काहीच नाही, उस्ताद!" मी अभिमानाने म्हणालो.

"ठीक है."

मग गंगाराम. "एक बाई तूर पाखडून राहिली. ती डाव्या कोपऱ्यात. बाकी समदी चौकट रिकामी."

"रिकामी काहून?"

"वारा येऊन राहिला होता, उस्ताद. त्याला जागा नगं?"

उस्तादांनी डोळे उघडले. "बराबर!"

त्या रात्री मी पुस्तकात वाऱ्याचं प्रकरण शोधलं. नव्हतं!

*

कनेरगावला तेव्हा सरहद्द होती. नाक्याच्या अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड. मी एकदा तिथल्या गाड्यांची रांग पुठ्ठ्यातून न्याहाळत होतो, तर नाक्यावरच्या शिपायाने मनगट धरलं.

"क्या नाप रहा है? नकाशा काढून राहिला का?"

मी त्याला कॉम्पोझिशन समजावून सांगायला लागलो. जसजसा समजावत होतो तसतशी त्याची पकड घट्ट होत होती. तेवढ्यात मागून गंगाराम आला. आपला पुठ्ठा वर धरला आणि शिपायालाच त्यात घेतलं.

"साहेब, जरा हनुवटी वर. व्हय. आता हालू नका."

शिपायाने माझा हात सोडला, मिशीवर फिरवला आणि श्वास रोखून उभा राहिला. गंगारामने पाचपर्यंत मोजलं. "झालं!"

तिथून पुढे आम्ही नाक्यावरून गेलो की शिपाई गंगारामला सलाम ठोकायचा. मला नाही! आणि दर वेळी विचारायचा, "हमारा फोटू कब मिलेगा?"

गंगाराम गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "धुवायला टाकलाय साहेब. पुठ्ठ्याला लई टाइम लागतो."

*

उस्तादांचा मोठा कॅमेरा तिपाईवरचा. काळ्या कापडात डोकं घातलं की मागच्या काचेवर सगळं उलटं दिसायचं. माणसं छताला लटकलेली, आभाळ पायाखाली. माझं डोकं गरगरायचं. उस्ताद म्हणायचे, "उलटं असून अच्छा दिसतो, तोच फोटो सुलटा अच्छा."

गंगारामला ते काचेतलं उलटं जग आठवड्यात जमलं. कसं जमलं ते तो सांगेना. मला चैन पडेना. शेवटी एका रविवारी मी काहीतरी निमित्त काढून साखऱ्याला गेलो. हेरगिरीच होती, दुसरं काय!

बांधावरून बघतो तर गंगाराम शेतात ओणवा होऊन, दोन पायांच्या मधून गाव बघतोय. रोज सकाळी अर्धा तास म्हणे!

घरी त्याची माय चुलीपुढे भाकरी थापत होती, आणि टोपलीत आधीच भाकरींचा ढीग. मला बघून तिने कपाळाला हात लावला. "आला गं बाई एकदाचा!"

मी गोंधळलो. मग कळलं, की तान्हं लेकरू पायातून बघायला लागलं की घरी पाहुणा येतो. आणि इथे तर वीस वर्षांचा घोडा आठ दिवस पायातून बघत होता. म्हणून माउली आठ दिवस रोज जास्तीच्या भाकरी थापत होती!

"एवढा मोठा पोरगा बघून राहिला म्हंजी पाव्हणाबी मोठाच असंल, असं मी म्हनलेच होते," ती म्हणाली आणि तिने माझ्यापुढे ताट ठेवलं. ठेच्याबरोबर मी पाच भाकरी खाल्ल्या. ज्याच्यावर जळायचं त्याच्या घरचं एवढं खाऊ नये. नीट जळता येत नाही.

*

आता माझी एक चूक. काचेची प्लेट कागदावर छापताना मसाल्याची, म्हणजे चित्र उमटलेली बाजू कागदाला लावायची असते. घाईत मी एकदा प्लेट पालथी ठेवली. पालथी ठेवली की दोन गोष्टी होतात. मध्ये काचेची जाडी येते म्हणून फोटो थोडा मऊ, पुसट उतरतो. आणि डावं ते उजवं होतं, आरशातल्यासारखं.

फोटो होता एका देशमुखांच्या नव्या सुनेचा. सासूबाईंनी तो हातात घेतला आणि स्टुडिओत एकच गिल्ला केला. "नथ उजव्या नाकात! पदर भलत्याच खांद्यावर! ही आमची सूनच न्हाई!"

मी उस्तादांच्या मागे लपलो. उस्ताद हात जोडून म्हणाले, "अम्माजी, गलती हो गई. दुसरा छापून देतो. हा फाडून टाकतो."

तेवढ्यात इतका वेळ खाली मान घालून बसलेली सून हळूच म्हणाली, "फाडू नका. तो मला ठेवू द्या."

"काहून गं?" सासूबाई डाफरल्या.

"आरशात मी अशीच दिसते. दुसरी कशी दिसते ते मला काय ठाऊक?"

उस्ताद त्या पोरीकडे बघून हसले. "बराबर, बेटी." माझ्याच चुकीवर ‘बराबर’ आलं, आणि तेसुद्धा देशमुखांची सून घेऊन गेली!

*

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. उस्ताद उर्दू शिकलेले. त्यांचा वर्तमानपत्राचा पहिला शब्द उजवीकडे, पुस्तकाचं पहिलं पान आपल्या शेवटच्या जागी. स्टुडिओतल्या खुर्च्यासुद्धा ते उजवीकडून मोजायचे.

वर्षभराच्या फोटोंचा अल्बम करायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रामाणिकपणे, म्हणजे मला सोयीच्या प्रामाणिकपणे, तो लावला. पहिल्या दहा पानांवर माझे फोटो. गंगारामचे शेवटी, अगदी पुठ्ठ्याला चिकटून.

उस्तादांनी अल्बम मांडीवर घेतला आणि सवयीने मागूनच उघडला. पहिलं पान गंगारामचं. "बराबर." दुसरं गंगारामचं. "वा! बराबर." असं करत अर्धा अल्बम झाला आणि आता माझं पहिलं पान येणार, मी पुढे सरकलो, तोच चहा आला. उस्तादांनी अल्बम मिटला आणि वर बश्या ठेवल्या!

*

आता तो शेवटचा.

हैदराबादच्या एका चित्रशाळेत उस्तादांचे जुने स्नेही मास्तर होते. त्यांनी कळवलं, एक पोरगा पाठवा, फुकट शिकवतो, राहायची सोय करतो. एकच. मला दुसरी वाट नव्हती. वडिलांनी कचेरीत उमेदवारीची जागा बघून ठेवली होती. त्या टेबलाशी बसलो की माझी बोटं जन्मभर टाकच धरणार हे मला दिसत होतं. गंगारामला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. विचारायला भीती वाटली.

उस्तादांनी परीक्षा ठरवली. एक नदी, एक गाडी, दोघांना एकेक प्लेट. बाजाराच्या दिवशी गंगारामचा बाप साखऱ्याहून गाडी घेऊन यायचाच. त्याला सांगितलं, कयाधू नदीच्या उतारावरून गाडी दोनदा घाल.

"दोनदा काहून?" म्हातारा म्हणाला.

"चौकट साधायची हाय, बा," गंगाराम म्हणाला.

"पान्यात बैल घालायला उतार साधावा लागतो. चौकट कसली साधून राहिले?"

पण घातली त्याने गाडी. एक बैल पांढरा, ढवळ्या. दुसरा तांबडा. पहिल्यांदा मी फोटो घेतला. त्याच जागेवरून, त्याच तिपाईवरून दुसऱ्यांदा गंगारामने.

प्लेटा उस्तादांनी स्वतः धुतल्या, फळीवर वाळत लावल्या आणि दुपारी मला म्हणाले, "वामन, पहिली तुझी, दुसरी गंगारामची. दोन्ही छाप. मागे नाव नक्को लिहू. मी बगैर नाव का देखूंगा, मग कोणी म्हणायला नको उस्तादने तरफदारी केली."

आणि ते नमाजाला गेले. गंगाराम बैलांना वैरण टाकायला गेला होता. तांबड्या दिव्याच्या खोलीत मी आणि दोन काचा. त्या दिव्यापुढे धरून बघायचा धीरही झाला नाही.

मी काय केलं ते सरळ सांगतो. माझी पहिली प्लेट मसाल्याची बाजू कागदाला लावून नीट छापली. मग दुसरी उचलली आणि पालथी ठेवली. मुद्दाम! फोटो मऊ पडेल, डाव्याचं उजवं होईल, सगळी चौकट बिघडेल. दोन्ही कागद एकदमच ट्रेमध्ये सोडले आणि गाडी उमटायला लागली तेव्हा मी तोंड फिरवलं. बघवेना. दोन्ही कागद दोरीला लावले आणि घरी गेलो. त्या दिवशी मी जेवलो नाही.

सकाळी गेलो तर उस्तादांनी दोन्ही फोटो भिंतीला लावलेले. गंगाराम शेजारी उभा. मी मान वर केली नाही. उस्ताद हुक्का बाजूला ठेवून उठले. एका फोटोपुढे गेले, दुसऱ्यापुढे गेले, परत पहिल्यापाशी आले.

"पाणी कसं नरम उतरलंय! सकाळचं धुकं जसं," ते म्हणाले. "आणि गाडी उजवीकडून येते. सगळी वाट तिच्यापुढे मोकळी. माझी नजर तिच्यासंगती चालून राहिली." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "बराबर! हैदराबादला हा जाईल. कोणाचा आहे?"

पालथा घातला तरी हाच जिंकला! बिघडवायला गेलो, तिथेही गंगारामच पुढे!

"माझा न्हाई," गंगाराम म्हणाला. "माझ्यात ढवळ्यानं नुसता एक खूर पान्यात टाकलाय. हितं गाडी मधात हाय. ह्यो वामनचा."

मी मान वर केली. भिंतीवर माझा फोटो होता. नदीच्या मधोमध गाडी, मी घेतली होती तशी. फक्त पालथी! फळीवरची पहिली प्लेट मी डावीकडून मोजली होती. उस्तादांनी उजवीकडून.

उस्तादांनी मला छातीशी धरलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. "वामन! बराबर, बेटा, बराबर!" त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते दौत आणि कागद आणायला आत गेले. हैदराबादची चिठ्ठी लिहायला.

गंगाराम फोटोपाशीच उभा होता. आधी सरळ बघितलं. मग मान वाकडी करून बघितलं. मग माझ्याकडे वळला आणि आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला,

"फोटो लई चांगला आला, वामन. पर ढवळ्या डावीकडं काहून? आमी तर त्याला जन्मभर उजवीकडंच जुपून राहिलो."